रेणुका कॉलनीची प्रवासी मोजणी

सोमवारी सकाळी सात वाजता उत्तरेश्वरराव सुरवसे यांनी रेणुका कॉलनीच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली, घरची प्लॅस्टिकची खुर्ची मांडली, मांडीवर पॅड घेतलं, पेन्सिलीला टोक केलं. आणि साडेसात वाजेपर्यंत कॉलनीतल्या चार माणसांनी त्यांच्याशी बोलणं बंद केलं.

बोलणं बंद व्हावं असं त्यांनी काहीच केलं नव्हतं. छापील प्रपत्रातला पहिला प्रश्न त्यांनी जसाच्या तसा वाचून दाखवला होता, एवढंच. प्रश्न असा होता: ‘आपण आता कुठे चालला आहात?’

आता, घरातून निघालेल्या माणसाला ‘कुठं’ म्हणून विचारायचं नसतं, हे आपल्याकडं चार वर्षांच्या लेकरालाही ठाऊक असतं. त्याला कुठंकार म्हणतात. कुठंकार झाला की ज्या कामाला निघालो ते काम बसलंच म्हणून समजायचं. त्यावर उपाय एकच. आहे तिथून मागं फिरायचं, घरात जाऊन घटकाभर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. उत्तरेश्वररावांनाही हे पक्कं माहीत होतं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी विठाबाईंना दारात एकदाही ‘कुठं’ विचारलं नव्हतं. पण घरातलं माणूस वेगळं आणि सरकारी प्रपत्र वेगळं. छापील कागदाला शकुन-अपशकुन लागत नाही, असं त्यांचं मत होतं. भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं मोजणीदार म्हणून काढलेल्या माणसाचं मत असंच असणार. त्यांनी आयुष्यभर जमीन मोजली होती, आणि जमीन कधी मोजणी अर्धी टाकून पाणी प्यायला घरी गेली नव्हती.

पहिले सापडले धुळाप्पामामा. बांधाच्या भांडणाची कोर्टात तारीख होती. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी, काखेत कागदांची पिशवी, अशा थाटात ते निघाले होते. प्रश्न ऐकल्याबरोबर ते जागच्या जागी थिजले.

“उत्तरेश्वर,” ते म्हणाले, “तुला म्या लहानपणापासनं वळखतो. तुझ्या बापानं तुला येवढं शिकवलं न्हाय व्हय रं?”

“मामा, मी विचारत नाही. कागद विचारतो.”

“कागदाला सांग, म्या घरी चाललोय!”

आणि ते खरोखर घरी गेले. वीस मिनिटांनी पुन्हा आले. उत्तरेश्वररावांनी पुन्हा पॅड सरसावलं. कारण प्रपत्रामागं बारीक अक्षरात सूचना छापल्या होत्या आणि चौथी सूचना अगदी स्वच्छ होती: ‘येणारा व जाणारा, दोन्ही मोजावेत. तीच व्यक्ती पुन्हा आल्यास नवी फेरी समजावी. प्रत्येक फेरीस प्रश्न विचारणे बंधनकारक.’ बंधनकारक म्हणजे बंधनकारक. त्यांनी धुळाप्पामामांना पुन्हा विचारलं. मामा पुन्हा घरी गेले. तिसऱ्या खेपेला मामा टोपी डोळ्यांवर ओढून, पिशवी तोंडाशी धरून, दुसराच कुणी असल्यासारखे चालत आले. पण चौतीस वर्षं दुर्बिणीतून खुणा पाहिलेली नजर ती. ती काय फसते?

ही मोजणी उत्तरेश्वररावांनी अंगावर का घेतली, हे सांगायला हवं. धाराशिव वाढत होतं. काल ज्वारी होती तिथं आज प्लॉट पडत होते आणि परवा तिथं जिन्यासकट घर उभं राहत होतं. घरं चार-चार किलोमीटर लांब गेली, पण बाजार, बँक, दवाखाना, कचेरी जिथल्या तिथं राहिले. मधल्या अंतरात एकटा बिरू होता. बिरूची टमटम भरल्याशिवाय हलत नसे, आणि ‘भरली’ कशाला म्हणायचं हे बिरूच ठरवी. नऊ माणसं बसली की तो म्हणायचा, “अजून दोघांची जागा हाय, जरा श्वास सोडा.”

अशात शहरासाठी छोट्या बस येणार असं जाहीर झालं. त्यासाठी एक ‘शहर बस कक्ष’ उघडला. कक्षानं एक मार्ग कॉलनीतून आणि दुसरा बाहेरच्या बाह्यवळणावरून असे दोन नकाशे काढले आणि अट घातली: तीन दिवस सकाळी सात ते अकरा मोजणी करा, सरासरी तीनशे फेऱ्या भरल्या तर बस कॉलनीतून, नाहीतर बाह्यवळणावरून. मोजायला माणूस हवा होता. कॉलनीच्या बैठकीत सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि शेवटी उत्तरेश्वररावांकडं पाहिलं.

ते लगेच हो म्हणाले, त्याचं कारण विठाबाईंचे गुडघे. टमटमची पायरी उंच. सात महिन्यांपूर्वी विठाबाई बाजाराला निघाल्या, तेव्हा आतून दोघांनी हात धरून ओढलं आणि खालून एकानं ढकललं. बाजारात उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “मी काय पोतं हाय का?” त्या दिवसापासून त्या कॉलनीबाहेर गेल्या नव्हत्या. भाजी उत्तरेश्वरराव आणत, आणि त्यांना भाजीतलं काही कळत नसे. शेताची हद्द बोटभर सरकली तर त्यांना लांबून दिसे, पण भेंडी कोवळी की जून, ते हातात धरूनही कळत नसे. विठाबाई बोलत नसत. आणलेली भेंडी एकेक करून टोकाशी वाकवून बघत, आणि ती मोडत नसे. त्या न मोडणाऱ्या भेंडीपेक्षा चार शिव्या परवडल्या, असं उत्तरेश्वररावांना वाटे. नव्या बसचा फोटो पेपरात आला तेव्हा त्यांनी त्यावर पट्टी ठेवून प्रमाण काढलं होतं. पायरी जेमतेम दीड वीत निघाली. दीड वीत म्हणजे विठाबाई कुणाचा हात न धरता चढणार.

तर अशी ही मोजणी. सोमवारी अकराला आकडा लागला चारशे बारा. कक्षाच्या अटीपेक्षा शंभर जास्त! उत्तरेश्वररावांनी तो मोबाईलवरून तिथल्या तिथं कळवला. कॉलनीत इतकी माणसं आहेत याचं त्यांना थोडं नवल वाटलं, पण वाढतं शहर म्हणजे हेच असणार, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे सिद्धारामअप्पा घरी आले. अप्पा अर्धे मराठीत आणि अर्धे कानडीत हळहळत.

“अय्यो, सुरवसेसाहेब, काय चालवलंय हे? सकाळी सोलापूरला माल आणायला निघालो, तुम्ही ‘कुठं’ म्हणालात. परत फिरलो. पुन्हा निघालो, पुन्हा म्हणालात. तिसऱ्यांदा निघेपर्यंत गाडी गेली की हो!”

“अप्पा, एसटीत कंडक्टर विचारत नाही का, कुठं जायचंय म्हणून?”

“तवर माणूस बसलेला असतोय हो! बसल्यावर लागत न्हाय.”

“मग विचारू कसं?”

“लांब चाललाय काय, असं विचारायचं. सोप्पं हाय.”

सल्ला बरा वाटला. मंगळवारी उत्तरेश्वररावांनी आधी छापील प्रश्न मनातल्या मनात म्हटला, म्हणजे नियमही पाळला गेला, आणि वर तोंडानं विचारलं, “लांब चाललात का?” उत्तरं भराभर आली. ‘हा, जरा.’ ‘न्हाय, हितंच.’ ‘जरा तिकडं.’ ‘येतोच.’ प्रपत्रात ‘गंतव्य स्थान’ असा चौकोन होता. त्यात नऊ वाजेपर्यंत ‘जरा तिकडं’ एकसष्ट वेळा आणि ‘हितंच’ चौऱ्यांशी वेळा लिहून झालं. उत्तरेश्वररावांच्या आतला मोजणीदार कळवळला. गट नंबर नाही, चतुःसीमा नाही, ‘जरा तिकडं’! हे कागद नकाशावर मांडणार कसे? साडेनऊला त्यांनी सल्ला सोडला आणि पुन्हा छापील प्रश्नावर आले. लोक पुन्हा घरी जाऊन पाणी पिऊ लागले. त्या दिवशी कॉलनीतल्या तीन टाक्या दुपारीच रिकाम्या झाल्या. आकडा लागला पाचशे तीन.

बुधवारपर्यंत मात्र हवा फिरली. दोन दिवसांत कॉलनीत जे जे बिघडलं ते ते उत्तरेश्वररावांच्या नावावर जमा झालं. धुळाप्पामामांची तारीख पुढं गेली. ती गेली बावीस वर्षं पुढंच जात होती, पण ती गोष्ट वेगळी. कुणाची गाडी पंक्चर झाली. कुणी मुलगी बघायला ढोकीला गेले होते. मुलगी पसंत पडली, पण मुलीला मुलगा पसंत पडला नाही. मुलाचे वडील परतल्यावर दारात येऊन म्हणाले, “सुरवसेकाका, तुमचं तोंड बघून निघालो, तिथंच चुकलं.”

बुधवारी सकाळी सात ते आठ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. दूधवाला आला, पेपरवाला गेला. सव्वाआठला बिरू स्वतः चालत आला आणि खुर्चीशेजारी उकिडवा बसला.

“काका, तुमचे उपकार लई झाले.”

“कसले उपकार?”

“बस येणार म्हणल्यावर म्या घाबरलो होतो. आता बगा की, समदी कॉलनी मागच्या बाजूनं, त्या मोडलेल्या कुंपणातनं भाईर पडती. म्या टमटम तिथंच लावतो. पूर्वी भराय अर्धा तास लागायचा, आता दहा मिन्टात फुल्ल. तुमी अजून आठ दिवस बसा की!”

उत्तरेश्वररावांनी खुर्ची उचलली आणि मागच्या कुंपणाशी नेली. लोक पुढच्या रस्त्यानं गेले. त्यांनी खुर्ची पुढं आणली. लोक मागनं गेले. साठी उलटलेला माणूस, डोक्यावर खुर्ची, काखेत पॅड, घामाघूम होऊन कॉलनीच्या दोन टोकांमध्ये पळतोय आणि दोन्हीकडं फक्त पाठी दिसताहेत, हे दृश्य पाहून सिद्धारामअप्पांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत जाऊन हसून घेतलं. अकराला आकडा लागला अडतीस.

तरीही सरासरी निघाली तीनशे सतरा. कॉलनी पास! दुपारी अप्पांनी पेढे पाठवले. पेढा तोंडात विरघळत असताना उत्तरेश्वररावांच्या मनात एक खडा टोचू लागला. त्यांनी तिन्ही दिवसांची प्रपत्रं काढली, जमिनीवर पसरली आणि एकेका माणसाची वेगळी चवड लावली. एकट्या धुळाप्पामामांचे कागद निघाले अकरा. अप्पांचे सात. जे घरून एकदा निघाले असते ते जाऊन, येऊन, पुन्हा जाऊन पाच-पाच वेळा मोजले गेले होते. आणि ते माघारी फिरले होते ते फक्त, मोजणारा समोर बसला होता म्हणून. त्या फेऱ्या वगळून त्यांनी पुन्हा बेरीज केली. खरी सरासरी तीनशेच्या निम्म्यावरही पोचत नव्हती.

नियमाप्रमाणं आकडा बरोबर होता. तो खरा मात्र नव्हता. चौतीस वर्षांत त्यांच्यापुढं बांधावर उभं राहून कुणी हात जोडले होते, कुणी डोळे वटारले होते, पण त्यांनी खूण एका बोटानं सरकवली नव्हती. आणि आता निवृत्त झाल्यावर, पाणी पिणाऱ्या माणसांच्या जोरावर, अख्खा रस्ताच सरकवायचा?

विठाबाई स्वयंपाकघरात भेंडी वाकवून बघत होत्या. उत्तरेश्वरराव दारात उभे राहिले.

“खरं सांगितलं तर बस जाईल,” ते म्हणाले.

विठाबाईंनी एक भेंडी बाजूला टाकली. “तुमी न सांगता राहणार हाय का?”

“नाही.”

“मग मला कशाला इचारता? जावा. फक्त येताना भाजी आणू नका.”

कक्षाच्या कचेरीत टेबलापाशी रुद्रेश नावाचा तरुण कारकून बसला होता. स्वभावानं फार चांगला. एकदम उठून उभा राहिला. “या काका! तुमची कॉलनी शहरात पहिली आली!”

“मला आकडा कमी करायचा आहे.”

रुद्रेश हसला. मग हसायचा थांबला. “कमी?”

“अर्ज कुठला?”

“वाढवायचा अर्ज आहे काका. रोज दहा येतात. कमी करायचा नमुनाच नाही. आजवर कुणी मागितलाच नाही.”

“कोऱ्या कागदावर लिहून देतो.”

“देता येईल. पण आवक नोंदीत तीनच प्रकार आहेत. मागणी, माहिती आणि तक्रार. तुमचं कशात घालू?”

उत्तरेश्वररावांनी विचार केला. “तक्रार लिहा.”

“कुणाविरुद्ध?”

“माझ्याविरुद्ध.”

रुद्रेशनं अत्यंत आदरानं ते लिहिलं. “मग काका, तक्रारदाराच्या ओळखपत्राची एक प्रत लागेल. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या ओळखपत्राची एक.”

उत्तरेश्वरराव खाली गेले आणि आपल्याच कार्डाच्या दोन झेरॉक्स काढून आणल्या. रुद्रेशनं दोन्ही फोटो एकमेकांशी ताडून पाहिले. “आता समोरच्या व्यक्तीला म्हणणं मांडायला सात दिवस मिळतात. समोरची व्यक्ती हजर आहे का?”

“आहे.”

“त्यांना तक्रार मान्य आहे?”

“मान्य आहे! अरे बाळा, मीच आहे तो!”

हा ‘मीच आहे तो’ इतक्या मोठ्यानं निघाला, की आतल्या खोलीचं दार उघडलं आणि एक तरुण मुलगी बाहेर आली. ती शिवांजली, मार्ग आखणारी अधिकारी. वय असेल अठ्ठावीस. तिनं सगळं ऐकून घेतलं, तीन दिवसांची प्रपत्रं चाळली, ‘जरा तिकडं’ वाचून ओठ दाबले आणि धुळाप्पामामांच्या अकराव्या कागदापाशी मात्र तिला खुर्चीत बसावं लागलं.

“काका,” डोळे पुसत ती म्हणाली, “हा प्रश्न मी लिहिलाय. माझी आजीसुद्धा मला रागावली असती. पण एक सांगा, तुमच्या यादीत बायका फारच कमी कशा? कॉलनीत बायका नाहीत का?”

उत्तरेश्वररावांनी यादी पाहिली. मोजणीच्या नादात हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. “आहेत,” ते म्हणाले. “पण अकरापर्यंत त्यांचं घरातलंच आवरत नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवांजली वही घेऊन कॉलनीत आली. तिला बसवायला घरातली खुर्ची काढली, तर ती म्हणाली, मी ओट्यावरच बसते. ओट्यावर विठाबाई लसूण सोलत होत्या. रोजच बसत. बाहेर जाता येत नाही, मग आल्यागेल्याला बघत बसायचं. तेवढ्यात अप्पांच्या मंडळी प्रेमाबाई दोन पिशव्या घेऊन मागच्या कुंपणातून आल्या, आणि विठाबाई एवढंच म्हणाल्या, “दमलात की हो. बसा.”

प्रेमाबाई बसल्या आणि सुटल्या.

“दमू न्हाय तर काय! साडेअकराला भाईर पडले. आधी शाळंत, नातवाचा डबा इसरला होता. तिथनं बँकंत, तर तिथला सायब जेवाय गेलता. मग म्हणलं तवर दवाखान्यातनं गोळ्या आणाव्या. परत बँकंत आले, तर म्हणतोय, फोटो पायजे. फोटो काढून परत बँकंत. मग मंडई. आन येताना त्या बिरूच्या टमटममधी माज्या मांडीवर एक पोरगं, आन त्या पोराच्या मांडीवर कोंबडी! कोंबडी बी अशी, की सारखी माज्याकडंच बघायली.”

“कोंबडीचं तिकीट घेतलं का त्यानं?” विठाबाईंनी विचारलं.

“घ्याचा की! म्हणला, जागा अडवली.”

शिवांजलीची पेन्सिल भराभर चालली होती. पाच वाजेपर्यंत त्या ओट्यावर एकवीस बायका येऊन बसल्या आणि गेल्या. परत आलेल्या माणसाला कुठंकार लागत नाही. उलट, कुठं गेलो होतो ते सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. एका बाईच्या एका दुपारीत पाच-पाच ठिकाणं निघत होती. कुणी मध्येच टमटम भरली नाही म्हणून अर्ध्या वाटेवरून चालत आलेली, कुणी परतीला काहीच मिळणार नाही म्हणून गेलेलीच नाही.

“सकाळी मोटारसायकलवर जाणाऱ्या बाप्यांना आम्ही तीन दिवस मोजत बसलो,” शिवांजली वही मिटत म्हणाली. “त्यांना बस नकोच आहे. बस ज्यांना हवी, त्या अकरानंतर निघतात.” मग ती उत्तरेश्वररावांकडं वळली. “काका, मी महिनाभर चाचणी म्हणून कॉलनीतून बस सोडते. सकाळी अकरा ते दुपारी चार. रोजचा आकडा तुम्ही कळवायचा. महिन्याअखेर माणसं नसतील तर बस बाह्यवळणावर जाईल. माझ्या हातात एवढंच आहे.”

“आकडा खरा कळवीन.”

“ते मला माहीत आहे,” ती म्हणाली. “तुमची तक्रार अजून टेबलावर आहे.”

पुढच्या सोमवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी बस यायची होती. अकराच्या ठोक्याला कॉलनी रस्त्यावर होती. अप्पांनी नारळ आणला होता, कुणी हार आणला होता, धुळाप्पामामा इस्त्रीची टोपी घालून आले होते. उत्तरेश्वररावांनी डोकी मोजली: चौसष्ट. त्यांचा ऊर भरून आला. बस आली, बरोबर अकरा वीसला. नारळ फुटला, हार घातला, फोटो निघाले.

ड्रायव्हर म्हणाला, “चला, बसून घ्या.”

“बसतो की,” एकजण म्हणाला, “जरा पिशवी घिऊन येतो घरनं.”

“म्या जरा चप्पल घालते.”

“दोन मिन्टं थांबा हां, म्हातारीला बोलवून आणतो.”

चौसष्ट माणसं चौसष्ट घरांकडं गेली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. टमटम दारात उभी राहते, भोंगा वाजवते, तुमची आंघोळ होईस्तोवर थांबते. वाहन आल्यावर तयारीला लागायचं, हीच आजवरची पद्धत. बस येते आणि जाते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

विठाबाई तेवढ्या थांबल्या होत्या. त्या साडेदहापासून, पदर खोचून, कापडी पिशवी घेऊन कडुनिंबाखाली उभ्या होत्या. त्यांनी पायरीवर पाऊल ठेवलं. दांडा धरला. आणि चढल्या. कुणी ओढलं नाही, कुणी ढकललं नाही. आत जाऊन खिडकीशी बसल्या.

उत्तरेश्वररावांना आनंद झाला की ते तो मापात बघतात. त्यांनी खिशातला टेप काढला, वाकून पायरीची उंची घेतली आणि ती वहीत लिहायला वळले. चौतीस सेंटिमीटरमधला ‘से’ लिहून होईपर्यंत दार लागलं होतं आणि बस वळणावर पोचली होती.

“अहो, थांबा!” ते ओरडले. पण बस वेळेची पक्की होती.

मागं बिरू टमटम घेऊन उभाच होता. चप्पल, पिशव्या, म्हाताऱ्या घेऊन परतलेली कॉलनी तिच्यात शिरत होती.

“या काका, म्होरं बसा. पकडतो तुमची बस.”

पकडायला निघालेली टमटम आधी भरावी लागली, मग कोपऱ्यावर थांबली, मग एका बाईची विसरलेली पिशवी आणायला परत आली. बिरूशेजारी अर्धे आत, अर्धे बाहेर अशा बेतानं बसलेले उत्तरेश्वरराव मुख्य चौकात पोचले, तेव्हा समोरून बस परत येत होती. पाऊण तास झाला होता.

बसमध्ये एकट्या विठाबाई होत्या. पिशवी शेजारच्या सीटवर ठेवलेली. कपाळ जवळजवळ काचेला टेकलेलं. सात महिन्यांत बाजारात नवीन दुकानं झाली होती, पाट्या बदलल्या होत्या. एकही पाटी सुटू नये अशा बेतानं त्या बघत होत्या. उत्तरेश्वररावांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बस शेजारून निघून गेली. टमटमकडं विठाबाईंचं लक्षही नव्हतं.

“काका,” बिरू म्हणाला, “मावशी एकल्याच हायत की बसमधी.”

“व्हय.”

“मंग बंद पडंल हो महिनाभरात. कशी चालायची?”

उत्तरेश्वरराव चौकात उतरले. बाजारात त्यांचं काहीच काम नव्हतं. भाजी आणायची तर आता सक्त मनाई होती. बसथांब्याचा खांब नवा कोरा रोवला होता. तो ओळंब्यात आहे की नाही, ते त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं. पुढची बस चाळीस मिनिटांनी होती. ते खांबाशेजारी उभे राहिले. एक टमटम आली, भोंगा वाजवला, “चला काका, निघालीच!” म्हणाली. त्यांनी मान हलवली. दुसरी आली. त्यांनी पुन्हा मान हलवली. ऊन तापलं होतं. त्यांनी रुमाल डोक्यावर टाकला. आपण एक दिवसाचा आकडा दोन करायला उभे आहोत, आणि तो दोन खरा असणार आहे, एवढा विचार उभं राहायला पुरेसा होता.

थोड्या वेळानं डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई थांबली. खांबाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं बघितलं.

“काका, हितं बस थांबती का?”

“बस नाही थांबत,” उत्तरेश्वरराव म्हणाले. “आपण थांबायचं असतं. ती येते.”

बाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं. मग तिनं बोचकं उतरवून खांबाच्या सावलीत ठेवलं आणि त्यांच्या मागं उभी राहिली.